गोळ्यांची डबी आणि तित्तराची हाक

मैत्रिणींनो, लहानपणी आपण सगळ्यांनीच एक खोडी केलेली आहे. एप्रिल-मेच्या दुपारी कुठल्या तरी झाडावरून ‘कुहूऽऽ’ आलं की आपणही गॅलरीतून ‘कुहूऽऽ’ करायचं. मग तो पठ्ठ्या आणखी वर चढवून ओरडणार, आपण त्याच्याही वर. शेवटी आतून आईचा आवाज यायचा, “पुरे झालं गं, बिचाऱ्याचा घसा बसेल!” (आणि हो, गाणारा तो असतो, ती नव्हे. कोकिळा गाते असं आपण आपलं कवितेपुरतं म्हणायचं.) आमच्या माझगावात अजूनही ही सोय आहे. डोंगरावरच्या जोसेफ बॅप्टिस्टा उद्यानाच्या बाजूनं आवाज आला की आमच्या चाळीतली पोरं उत्तर देतात.

पण पक्ष्याला त्याच्याच भाषेत हाक मारणं ही खोडी नसून एक विद्या आहे, आणि ती विद्या कुणाकुणाच्या पोटाशी, कुणाकुणाच्या बदनामीशी बांधलेली आहे, हे मला कळायला वयाची पंचेचाळिशी उलटावी लागली. तेही एका प्लॅस्टिकच्या नळीमुळे.

झालं असं, माझा भाचा अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात असतो. दिवाळीला आला तेव्हा चॉकलेटं, बदाम आणि माझ्यासाठी हँडक्रीम, या नेहमीच्या यादीबरोबर त्यानं एक काळी, वीतभरही नसलेली नळी आणली. म्हणाला, “मावशी, ओळख काय ते!” मला वाटलं, दम्याचा पंप. तर ती निघाली टर्की पक्ष्याला बोलवायची नळी! त्याच्या ऑफिसातल्या एका शिकारी मित्रानं भेट दिली होती. आम्ही पडलो वरण-भात-तुपवाले. गनपावडर रोड आमच्या माझगावात आहे खरा, पण बंदूक आम्ही पाहिली ती सव्वीस जानेवारीच्या परेडमध्ये. “अरे, तू शिकार करतोस?” मी घाबरूनच विचारलं. “छे गं, मी नुसता बघायला गेलो होतो. पहाटे चारला उठून झाडाला टेकून बसायचं आणि मुकाट राहायचं. तुला जमणार नाही!” ही शेवटची टिप्पणी घरात सगळ्यांना फारच पटली.

तर ही नळी असते कशी? एका बाजूला तोंड, दुसरी बाजू मोकळी. तोंडाच्या साधारण अर्ध्या भागावर पातळ रबराचा पडदा ताणून, कडेनं घट्ट बांधलेला असतो. उरलेला अर्धा भाग उघडा. ओठ पडद्याच्या कडेला हलकेच टेकवायचा आणि त्या फटीतून हवा सोडायची. पडदा थरथरतो आणि आवाज निघतो. पूर्वी तिकडचे लोक तपकिरीच्या डबीपासून नाहीतर औषधाच्या गोळ्यांच्या डबीपासून ही नळी घरीच करत. आता ती दुकानात मिळते. निवडताना काय बघायचं, तेही भाच्यानं सांगितलं. रबर पातळ असेल तर हलक्या फुंकरीनं बोलतं, जाड असेल तर जोर लागतो. जास्त ताणलं की आवाज चिरका, ढिलं सोडलं की घोगरा. नळी मोठी असेल तर आवाज घुमतो आणि वाऱ्यातही लांब जातो. मागच्या तोंडावर हाताची ओंजळ धरून उघडझाप केली की आवाज जवळ-दूर होतो. रबर उन्हात कडक होतं, म्हणून सावलीत ठेवायचं आणि वेळच्या वेळी बदलायचं.

गंमत म्हणजे हे यंत्र काही फार वेगळं करत नाही. पक्ष्याच्या छातीत, श्वासनळीला दोन फाटे फुटतात तिथे, असेच पातळ पडदे असतात. हवा जाताना ते थरथरतात, तोच त्याचा आवाज. म्हणजे माणसानं पक्ष्याचा गळाच नळीवर ताणून बसवला म्हणायचा!

मी फुंकर मारली. कुकरची रिंग सैल झाल्यावर येतो तसा फुर्रर्र आवाज आला. यजमानांनी पेपरमधून डोकं वर काढून नुसतं बघितलं. त्या बघण्यात सगळं आलं.

भाच्यानं दोन गोष्टी सांगितल्या, त्या मात्र माझ्या डोक्यात राहिल्या. एक, शिकारी काढतो तो आवाज बहुतेक वेळा मादीचा. टर्कीचा नर ओरडतो आणि मादी त्याच्याकडे जाते, अशी त्यांची रीत. शिकारी मादी होऊन हाक देतो आणि जागचा हलत नाही, म्हणजे मग नरालाच यावं लागतं. (आमच्या महिला मंडळात हे सांगितल्यावर केवढा हशा पिकला म्हणून सांगू!) आणि दुसरी, नवशिका माणूस नेहमी फार हाका मारतो. एकदा हाक द्यायची आणि गप्प बसायचं. खरं काम ऐकण्याचं असतं.

तिथे या सगळ्याला कडक नियम आहेत. पेनसिल्व्हेनियात वसंतातला हंगाम एप्रिलअखेरीपासून मेअखेरीपर्यंत. परवाना हवा, आणि मारायचा तो दाढीवाला, म्हणजे छातीवर केसांचा झुपका असलेला पक्षी. तांबडे, पांढरे, निळे कपडे घालून जायचं नाही, कारण नर टर्कीचं डोकं याच रंगांचं दिसतं आणि हाक ऐकून दुसरा शिकारी चुकून तुमच्यावरच नेम धरायचा! विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा पक्षी तिकडे जवळजवळ संपला होता. मग रानातले पक्षी जाळ्यात धरून दुसऱ्या राज्यांत नेऊन सोडले, १९३७ साली बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा कायद्यानं वन्यजीवांसाठी लावला, १९७३ मध्ये टर्कीसाठी राष्ट्रीय संस्था निघाली. आज तिथे लाखोंनी टर्की आहेत. थोडक्यात काय, तिकडचा शिकारी म्हणजे परवाना भरणारा, जंगलासाठी पैसे देणारा प्रतिष्ठित नागरिक.

हे वाक्य लक्षात ठेवा. त्याची दुसरी बाजू मला पुढच्याच आठवड्यात दिसली.

आम्ही काही जणी दर रविवारी एका मंडळाच्या खोलीत फुटपाथवरच्या मुलांचा अभ्यासवर्ग घेतो. पंधरा-वीस मुलं येतात. त्यात एक दहा वर्षांचा मुलगा आहे. सगळ्यांत लहानखुरा, म्हणून आम्ही त्याला ‘बारका’ म्हणतो. पारधी समाजातला. घरची माणसं सिग्नलवर फुगे आणि गजरे विकतात. वर्गात हा तोंड म्हणून उघडायचा नाही. पाढे येत असूनही म्हणायचा नाही. मुलांना गंमत म्हणून मी ती नळी घेऊन गेले. सगळ्यांनी फुंकून बघितली, फुर्रर्र-फुर्रर्र झालं, हसून हसून पुरेवाट. बारक्यानं मात्र ती हातात घेऊन उलटसुलट केली, पडद्यावर बोट फिरवलं आणि काही न बोलता परत दिली.

पुढच्या रविवारी तो खिशातून एक वस्तू काढून माझ्यासमोर उभा! गोळ्यांची प्लॅस्टिकची डबी. बूड कापलेलं, तोंडावर अर्ध्या भागात फुटक्या फुग्याचा तुकडा ताणलेला, वर रबरबँड. घरात फुग्यांना काय तोटा! त्यानं ती ओठाला लावली. तीन-चारदा नुसतीच हवा गेली. मग त्यानं रबर थोडं सैल केलं, ओंजळ धरली, आणि... काय सांगू! बाहेर डॉकयार्ड रोडला लोकल थांबली होती, रस्त्यावर हॉर्न वाजत होते, आणि आमच्या खोलीत कुठलं तरी माळरान बोलत होतं. ‘क-ती-तर, क-ती-तर, क-ती-तर...’ चढत जाणारा, खणखणीत. मग त्यानं डबी खाली ठेवली आणि तोच आवाज नुसत्या तोंडानं काढला. तो तर डबीपेक्षाही खरा!

“अरे, हे काय आहे?”

“तित्तर,” बारका म्हणाला. वर्गातला त्याचा पहिला शब्द.

“कुणी शिकवलं?”

“आजीनं. झोपताना करती.”

मी त्याच संध्याकाळी त्याच्या आजीला गाठलं. आनंदानं नुसती उतू जात होते मी. शाळेचं स्नेहसंमेलन जानेवारीत होतं. म्हटलं, मावशी, याला स्टेजवर उभा करू या. मावशींनी हातातला गजरा खाली ठेवला आणि पोराच्या हातातली डबी काढून घेतली. “ताई, ह्यो आवाज हितं नगं. आज टाळ्या वाजवतील. उद्या गल्लीत कुणाची पाकीट गेली, की पयलं ह्याचंच नाव येईल. पारध्याचं पोर हाय म्हनून.”

मला काय बोलावं सुचेना. मी तिथेच कट्ट्यावर बसले. आणि भाच्याचं ऐकलं असतं तर बरं झालं असतं, पण त्या दिवशी निदान तेवढं तरी केलं: गप्प बसले. तेव्हा मावशी बोलल्या.

त्या बीडकडच्या. १९७२च्या दुष्काळात दहा-अकरा वर्षांच्या असताना आईबापांबरोबर मुंबईला आल्या. त्याआधी बापाबरोबर माळावर जायच्या. बाप फासेपारधी. घोड्याच्या केसांचे किंवा तातीचे फासे जमिनीवर ओळीनं मांडायचे. मध्ये पिंजऱ्यात पाळलेला नर तित्तर. तो ओरडला की त्या भागातला रानतित्तर भांडायला धावून येतो आणि फाशात अडकतो. पिंजऱ्यातला कधी रुसून गप्प बसला, तर मग बाप स्वतः हाक द्यायचा. कधी नराची, कधी मादीची. “नळी-बिळी काय नव्हती ताई. वट आन् जीभ. वारं कुनीकडनं येतं ते बघायचं, येकदा बोलायचं आन् दगडावानी बसायचं. लई बोललं की पाखरू वळखतं.”

पेनसिल्व्हेनियातल्या त्या साहेबाचा धडा आणि बीडच्या माळावरच्या या बापाचा धडा, शब्दन् शब्द एकच! फरक एवढाच, की एकाला त्याबद्दल परवाना मिळाला आणि दुसऱ्याला गुन्हेगाराचा शिक्का.

शिक्का म्हणजे नुसता बोलण्यापुरता नव्हे बरं का. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे तो वाढत वाढत आपल्या मुंबई इलाख्यालाही लागू झाला. माणूस जन्माला आला तोच गुन्हेगार! पोलिसांकडे हजेरी, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही, सोलापुरात तर तारेच्या कुंपणातली सेटलमेंट. त्याच काळात गोरे साहेब आणि संस्थानिक हत्तीवर बसून वाघ मारत होते, त्यांचे मात्र फोटो लागत होते. देश १९४७ ला स्वतंत्र झाला, पण या जमातींची सुटका झाली ३१ ऑगस्ट १९५२ ला. म्हणून तो दिवस ‘विमुक्त दिन’. आपल्यापैकी किती जणींना हे ठाऊक आहे? मी बी.ए.ला इतिहास घेतला होता, मलाही नव्हतं!

आणि मावशींचं कुटुंब ज्या वर्षी मुंबईला आलं, त्याच १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला. पुढे १९९१च्या दुरुस्तीनं उरलीसुरली शिकारही जवळपास पूर्ण बंद झाली. मी त्या कायद्याच्या बाजूचीच आहे, हे स्पष्ट सांगते. माळरानं आटली, पक्षी कमी झाले, आता फासे लावून कसं चालेल? पण कायद्यानं एक धंदा बंद केला तेव्हा त्या हातांनी पुढे काय करायचं, याचं उत्तर त्यांना कुणी दिलं नाही. म्हणून ते हात आज आपल्या गाडीच्या काचेवर टकटक करतात आणि आपण काच वर घेतो.

उत्तर नाहीच असं मात्र नाही. मी शोधायला लागले तेव्हा कळलं. आपली मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ सालची. पक्ष्यांच्या पायात वाळे घालून त्यांचा प्रवास अभ्यासायचा, तर पक्षी आधी जिवंत, पंखाला इजा न होता धरायला हवा ना! ते काम बिहारच्या मीरशिकारांनी केलं, पिढीजात पक्षी धरणाऱ्यांनी. त्यातले अली हुसेन पक्षिशास्त्रज्ञांत आदरानं ओळखले गेले. आपले मारुती चितमपल्ली वनाधिकारी, पण रानाची कितीतरी विद्या ते पारध्यांकडून आणि रानातल्या इतर माणसांकडून शिकले. अकोला-वाशिम भागात कौस्तुभ पांढरीपांडे यांची ‘संवेदना’ ही संस्था फासेपारध्यांबरोबरच माळरानं आणि तणमोर वाचवण्याचं काम करते. पावसाळ्यात गवतातून उंच उड्या मारणारा हा दुर्मीळ पक्षी कुठे आहे, हे पारध्याच्या कानाइतकं दुसऱ्या कुणाला कळणार? मध्य प्रदेशात पन्नाच्या जंगलातले वाघ २००९ पर्यंत संपले होते. तिथे वाघ परत आणले गेले, आणि पारधी तरुण आता पर्यटकांना जंगल फिरवतात, पक्ष्यांचे आवाज काढून दाखवतात. अमरावती जिल्ह्यात मतीन भोसले या फासेपारधी शिक्षकानं २०१२ मध्ये पारधी मुलांसाठी शाळा काढली. तिचं नाव ‘प्रश्नचिन्ह’. नावातच सगळं आलं, नाही का?

हे सगळं मी मावशींना रविवारमागून रविवार सांगत राहिले. त्या ऐकत, गजरे ओवत. शेवटी मी एक तोडगा काढला, आणि तिथेच चुकले. म्हटलं, “मावशी, जात कशाला सांगायची? नुसतं म्हणू, ‘पक्ष्यांचे आवाज, सादरकर्ता अमुक अमुक.’ विचारलंच कुणी तर गावाकडे शिकला म्हणू.” मावशींनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. “तुमी म्हनाल तसं,” म्हणाल्या. मला वाटलं, पटलं.

स्नेहसंमेलनात बारका उभा राहिला. आधी डबी घेऊन, मग डबी खिशात टाकून. तित्तर, लावा, मोर, टिटवी. सगळा हॉल चिडीचूप. मग टाळ्यांचा कडकडाट! सूत्रसंचालक बाईंनी कौतुकानं विचारलं, “बाळ, कुठे शिकलास हे?” बारक्यानं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तो म्हणाला, “गावाकडं.”

कार्यक्रम संपल्यावर दारापाशी मावशी दिसल्या. इस्त्रीची साडी, डोईवर पदर, सगळ्यांत मागे उभ्या होत्या. मी धावत गेले, “मावशी, बघितलंत ना, कसं झालं?”

“ब्येस झालं,” त्या म्हणाल्या. मग थोड्या थांबून, “ताई, गाव काय शिकवतंय? गावानं तर आमाला येशीच्या भायेर ठेवलं. त्याला म्या शिकवलं, मला माझ्या बापानं. टाळ्या गावाला ग्येल्या.”

मैत्रिणींनो, त्या रात्री मला जेवण गेलं नाही. त्यांची भीती मी दूर करायला निघाले होते. प्रत्यक्षात मी तीच भीती छान कागदात गुंडाळून पोराच्या हातात दिली होती. पोरानं आवाज उघडला आणि मी त्याला नाव झाकायला शिकवलं. समाजकार्य करणाऱ्या आम्हा बायकांचा हा मोठा दोष. आम्ही फार हाका मारतो, आणि ऐकायचं राहून जातं.

फेब्रुवारीत मी शाळेच्या बाईंकडे गेले आणि झालं ते सगळं सांगितलं. पुढच्या महिन्यात त्यांनी मावशींना वर्गात बोलावलं. चाळीस मुलांसमोर मावशी खुर्चीवर बसायला तयार होईनात, जमिनीवरच बसल्या. मुलंही मग खाली बसली. बारक्यानं उभं राहून सांगितलं, “ही माझी आजी. आम्ही फासेपारधी. हे आमचं आहे.” आवाज थोडा कापत होता. पण सांगितलं.

सगळं गोड झालं असं मात्र समजू नका. जातीच्या दाखल्यासाठी मावशींच्या घरचे अजून खेटे घालताहेत. पारधी समाज आपल्या राज्यात अनुसूचित जमातीत येतो, पण फुटपाथवर जन्मलेल्यानं जुने कागद आणायचे कुठून? आणि वर्गातल्या एका मुलाच्या आईनं मला बाजूला घेऊन, “त्याच्याशेजारी आमच्याला बसवू नका हं,” असंही सांगितलं. मी तिचं नाव सांगणार नाही. कदाचित ती हे वाचत असेल.

जाता जाता, मुलांच्या सुट्टीसाठी. गोळ्यांची रिकामी डबी स्वच्छ धुऊन घ्या. बूड कापणं मोठ्यांनी करावं, कड घासून गुळगुळीत करावी. फुग्याचा तुकडा अर्ध्या तोंडावर ताणा, रबरबँड लावा, ओठ कडेला टेकवून हळू फुंका. फुग्याचे तुकडे लहानग्यांच्या तोंडात जाणार नाहीत याची काळजी घ्या. रबर सैल-घट्ट करून आवाज कसा बदलतो ते मुलांना शोधू द्या, विज्ञानाचा एक धडा फुकटात होईल. पण घरट्यांच्या दिवसांत खऱ्या पक्ष्याला पुनःपुन्हा हाका मारू नका, मोबाइलवर आवाज लावून तर नाहीच. बिचारा आपला प्रतिस्पर्धी आला समजून खाणं-पिणं आणि पिल्लं सोडून धावतो. एकदा हाक द्या, मग गप्प बसा आणि ऐका.

आणि मुलांनी विचारलं की “हे कुणी शोधून काढलं?”, तर अमेरिकेच्या नळीबरोबर आपल्या माळावरच्या फासेपारध्यांचंही नाव सांगा. एवढंच मावशींचं मागणं आहे.

परवा सकाळी कोकीळ ओरडला. चाळीतली पोरं नेहमीसारखी ‘कुहू’ करायला लागली. बारका माझ्याकडे गृहपाठ दाखवायला आला होता. म्हणाला, “ताई, त्यांना सांगा, येकदाच करा. मंग तो जवळ यील.”

आम्ही दोघं गॅलरीत गप्प उभे राहिलो. तो आला.